पणजोबांच्या पलीकडची नावे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात घराण्याचा शोध घेणाऱ्यांची पत्रे जास्त आहेत. बहुतेकांनी विचारले आहे की आमच्या आडनावाचा इतिहास कुठे मिळेल. आडनावावरून सुरू केलेला शोध लवकर अडतो, कारण जुने दप्तर आडनावाने लावलेलेच नसते. ते गावाने, सालाने आणि खात्याने लावलेले असते. त्यामुळे खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तुम्हाला आधी गाव आणि साल पक्के करायला सांगितले आहे. ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका.

प्रश्न (लालबाग) : आजोबा मालवण तालुक्यातून येऊन गिरणीत लागले. १९५८च्या सुमारास वारले. त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि परळची चाळ एवढेच माहीत आहे. गावी आता कुणी राहत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी वाडीचे नाव शोधा. नुसते गाव पुरत नाही, कारण कोकणात एका महसुली गावात सात-आठ वाड्या असतात आणि एकाच आडनावाची घरे दोन-तीन वाड्यांत विखुरलेली असतात. घरातले जुने रेशनकार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ग्रामस्थ मंडळाची वर्गणीची पावती, गावाहून आलेली मनिऑर्डरची पोच असे कागद पाहा. गिरणगावात गावागावाच्या मंडळांच्या खोल्या होत्या. त्यांच्या वह्यांत सभासदाच्या नावापुढे वाडी लिहिलेली सापडते. तुमच्या गावचे मंडळ अजून चालू असेल तर त्यांच्याकडे नक्की विचारा.

मग मृत्यूची नोंद काढा. मुंबईत ही नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथल्या महापालिकेच्या विभाग कार्यालयात होते. केईएममध्ये वारले असतील तर एफ/दक्षिण विभाग, जे. जे. रुग्णालयात वारले असतील तर ई विभाग, चाळीतच वारले असतील तर चाळीचा विभाग. ‘सुमारास’ असेल तर अर्जात १९५६ ते १९६० असा काळ द्या. शोधाची फी वर्षागणिक लागते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ याच्या कलम १७ प्रमाणे कुणालाही असा शोध मागता येतो. उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नका.

जुनी रजिस्टरे इंग्रजीत आहेत आणि स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. ‘सावंत’मधल्या ‘व’साठी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. दीर्घ ‘ऊ’साठी यू किंवा दोन ओ. ‘कुलकर्णी’ के ऐवजी सीखाली सापडते. अर्ज करताना संभाव्य स्पेलिंगांची यादी सोबत जोडा. आणि एक गोष्ट कटाक्षाने करा : नाव आडनावाखाली सापडले नाही तर स्वतःच्या नावाखाली पाहा. त्या काळच्या अनेक सूच्या पहिल्या नावाच्या अक्षरावर लावलेल्या आहेत, आडनाव कधी शेवटी, कधी मुळीच नाही.

गिरणीतली पुष्कळ माणसे आजारपणात गावी गेली आणि तिथेच वारली. मुंबईत नोंद मिळाली नाही तर मालवणच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात गावाचे कोतवाल बुक मागा. हा पूर्वीचा गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही. यात नावांची सूची नसते, नोंदी तारखेच्या क्रमाने असतात. म्हणून साल माहीत नसेल तर पानामागून पान पाहावे लागते. जुनी पाने मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेनंतर अनेक जिल्ह्यांनी अशा जुन्या पानांच्या स्कॅन प्रती जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर तालुकावार ठेवल्या. तुमचे घराणे कुणबी नसले तरी गावातली आडनावे, वाड्या आणि लिहिण्याची पद्धत कळायला त्या कामाच्या आहेत.

आता जमीन. सातबारावर नावापुढे जे वर्तुळातले आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. सगळ्यात जुना जो सातबारा मिळेल त्यावरचा प्रत्येक आकडा टिपा आणि तो फेरफार (गाव नमुना ६) काढा. फेरफारात ‘वारस’, ‘वाटणी’, ‘खरेदी’ असे कारण लिहिलेले असते आणि आधीच्या खातेदाराचे नाव असते. त्याच्या नावावरून आणखी मागचा फेरफार. असे करत हक्कनोंद जिथे सुरू झाली तिथपर्यंत पोचता येते. तिचा कायदा १९०३चा, पण ती सगळ्या तालुक्यांत एकदम लागू झालेली नाही, म्हणून तुमच्या गावचा फेरफार क्रमांक १ कोणत्या सालचा ते आधी विचारून घ्या. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक गावांचे जुने सातबारे व फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर द्यावा लागतो.

इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे सहसा थोरला भाऊ. धाकटे भाऊ त्या उताऱ्यावर दिसत नाहीत. तुमचे आजोबा मुंबईत असल्यामुळे ते असे झाकले गेले असण्याचा संभव मोठा आहे. ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे आणि पुढचे नाव पालनकर्त्याचे, वडिलांचे असेलच असे नाही. आई, चुलता, मामाही असतो. दुसरी अडचण नंबरांची. जिथे १९४७च्या कायद्याने जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. जुन्या-नव्याचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतो. तो न घेता जुना नंबर शोधत बसलात तर भलत्याच घराण्याची जमीन हाती लागेल.

घराणे खातेदार नसून खोताचे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचे कूळ असेल तर सातबाऱ्यावर ते बऱ्याचदा उशिरा दिसते. रत्नागिरीच्या खोती गावांत १८८०च्या खोती कायद्याखाली बोटखते झाली. त्यांत कुळांची नावे आणि त्यांची देणी लिहिली आहेत. तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावाचे बोटखत आहे का ते विचारा. ज्यांच्या घरी कागदाचा तुकडा नाही अशा घराण्यांसाठी हा आधार फार मोलाचा आहे, आणि तो फारसे कुणी मागत नाही.

जिल्हा बदलला हेही ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ला झाला. त्याआधीचे कागद रत्नागिरीच्या नावाने आहेत. आणि मूळ गाव कुडाळ किंवा बांद्याच्या बाजूचे निघाले तर तो १९४८पर्यंत सावंतवाडी संस्थानाचा मुलूख, तिथे इंग्रजी अमलातले हे कायदे जसेच्या तसे लागू नव्हते.

प्रश्न (गिरगाव) : आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे असे ऐकतो. कुठे पाहू, आणि त्यातले किती खरे धरू?

उत्तर : दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी व राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, या क्रमाने जा. कार्ड असो वा संगणक, फक्त आडनाव शोधू नका. ‘कुलवृत्तांत’, ‘वंशावळ’, ‘घराण्याचा इतिहास’, ‘कुलवृत्त’ या चारही शब्दांखाली पाहा. दशांश वर्गीकरणात वंशावळींचा वर्ग ९२९. ग्रंथपालांना हा आकडा सांगितलात तर ते तुम्हाला थेट कपाटापाशी नेऊ शकतात, आणि शेजारचीच पुस्तके कधीकधी जास्त उपयोगी निघतात. जुन्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची चाळा. पुस्तक निघाले होते की नाही, एवढा वाद तरी तिथे मिटतो.

राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला प्रत देण्याचे बंधन १९५४च्या कायद्याचे. त्याआधीच्या पुस्तकांची नोंद १८६७च्या कायद्याखाली होई आणि मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या सरकारी गॅझेटसोबत निघत. पुस्तक हाती येत नसेल तर त्या यादीत छापखाना आणि सालाचा पत्ता लागतो.

सूची वाचताना अक्षरक्रमाकडे लक्ष द्या. काही सूच्यांत अनुस्वाराची नावे आधी येतात, काहींत शेवटी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे ‘क’ व ‘ज’खाली, कुठे ‘ळ’नंतर. नाव सापडत नाही म्हणून पुस्तक परत करणारे बहुतेक जण याच चुकीने परततात. कुलवृत्तांतातल्या नावापुढचा आकडा हा बऱ्याचदा पानाचा नसून व्यक्तीचा क्रमांक असतो. प्रस्तावनेतली खुणांची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, तिथेच दत्तकाची, निपुत्रिकाची आणि शाखेची खूण सांगितलेली असते.

खरे किती धरायचे? कुलवृत्तांताची माहिती मुख्यतः घराघरांतून मागवलेली. ज्यांनी पाठवली नाही त्या शाखा गळल्या किंवा ‘पुढील माहिती नाही’ या शेऱ्यावर थांबल्या. संपादकाला आठवणीतून मिळालेल्या अलीकडच्या तीन-चार पिढ्या बऱ्याच विश्वसनीय असतात. त्यापलीकडे प्रत्येक पिढीला सनद, निवाडा, तीर्थोपाध्यायाची वही असा आधार दिला आहे का ते पाहा. साधी चाचणी अशी : पिढी सरासरी २५ ते ३० वर्षांची धरा. दोन ठरलेल्या सालांमध्ये १२० वर्षे असून मध्ये दोनच नावे असतील तर एखादी पिढी सुटली आहे. सात असतील तर भाऊभाऊ बाप-लेक म्हणून लिहिले गेले आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे हे फार घडते, कारण ‘गोविंद विष्णू’ आणि ‘विष्णू गोविंद’ आलटून पालटून येत राहतात. कुलवृत्तांत हा शोधाचा पत्ता सांगतो. पुरावा मूळ कागदात असतो आणि तो तुम्हालाच पाहावा लागतो.

प्रश्न (विलेपार्ले) : पणजोबा १८७०-८०च्या काळात इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. पुराभिलेखात त्यांची फाइल मिळेल का?

उत्तर : त्यांच्या नावाची फाइल अशी नसेल. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखाची कचेरी आहे, तिचे दप्तर खात्यावार आहे : महसूल, न्याय, सामान्य, राजकीय वगैरे. प्रत्येक खात्याचे वर्षागणिक खंड आणि खंडात ‘कंपायलेशन’, म्हणजे एका विषयाच्या कागदांचा संच. मागणीच्या चिठ्ठीवर खाते, साल, खंड आणि कंपायलेशन क्रमांक हे चारही लिहावे लागतात. म्हणून आधी पणजोबा कोणत्या खात्यात, कोणत्या जिल्ह्यात होते ते ठरवा.

त्यासाठी छापील याद्या आहेत. मुंबई सरकारची तिमाही ‘सिव्हिल लिस्ट’ हुद्देदारांची नावे, नेमणुकीचे ठिकाण आणि पगार देते. मामलेदार किंवा त्यावरचा हुद्दा असेल तर इथे पाहा. अव्वल कारकून आणि त्याखालचे लोक सहसा त्यात नसतात. पदवीधर असतील तर मुंबई विद्यापीठाची (स्थापना १८५७) वार्षिक कॅलेंडरे पाहा, त्यांत परीक्षा, साल आणि कॉलेजासह नावे आहेत. दोन्हींत नाव पहिल्या नावाखाली शोधा. हुद्दा, साल, जिल्हा हाती आला की मग त्या खात्याच्या त्या सालच्या खंडांची अनुक्रमणिका. बदली, रजा, पेन्शन आणि तक्रार या चार विषयांखाली माणसे सापडतात. पेन्शनच्या कागदात वय आणि नोकरीचा तपशील येतो, म्हणून तो पहिला मागा.

ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज बरोबर ठेवा. ‘जीर्ण’ शेरा मारून खंड दिला नाही तर वाद न घालता त्याची मायक्रोफिल्म किंवा स्कॅन प्रत आहे का ते विचारा. फोटोला परवानगी लागते. टिपणात खंड आणि पान लिहायला विसरलात तर तीच नोंद पुन्हा शोधायला तितकाच वेळ जाईल.

तुमचा प्रश्न १८१८च्या आधीच्या पेशवाईतल्या वतनाचा असता तर पुण्याच्या पुराभिलेखात, म्हणजे पेशवे दप्तरात पाठवले असते. १८५२च्या कायद्याने चाललेल्या इनाम चौकशीत इनामदारांना आपला हक्क वंशावळीसह मांडावा लागला, त्या कैफियती वंशशोधासाठी सोन्याच्या खाणीसारख्या आहेत.

प्रश्न (मुलुंड) : ट्रंकेत मोडी कागद निघाले. तारखेच्या जागी ‘सु॥ इसन्ने’ असे काहीतरी आणि दुसऱ्यावर ‘शके १७९० पौष’. साल कसे काढू?

उत्तर : पहिला सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा सन. त्यात आकडे अरबी शब्दांत आणि एकम आधी येतो : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशक असे : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पडताळा पाहायचा तर पानिपतचा घ्या : इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवून १७६१. तुमच्या कागदावर फक्त ‘इसन्ने’ वाचता येते, पुढचे शब्द नाहीत, तर साल काढू नका. त्याने कोणत्याही दशकातले दुसरे वर्ष निघेल.

शकाला चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पौष नेमका दोन्हींच्या सांध्यावर येतो, म्हणून शके १७९० पौष हे डिसेंबर १८६८ही असेल, जानेवारी १८६९ही. तिथी आणि वार दिला असेल तर जुन्या पंचांगावरून ठरवा. कागदावर फसली, म्हणजे महसुली सन असेल तर दख्खनच्या हिशेबात मृगापासून डिसेंबरअखेर ५९०, त्यानंतर ५९१. सुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचा फरक आहे. ‘सन ११८०’ एवढेच लिहिले असेल तर कोणता सन ते कागदातल्या अधिकाऱ्याच्या नावावरून ठरवावे लागते, आणि न ठरवता लिहिलेली वंशावळ नऊ वर्षांनी सरकते.

वाचनासाठी राज्य पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, त्यांची चौकशी करा. तोवर कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. घड्या उलगडून सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाठीवरची एक ओळही सोडू नका. पाठीवरच ‘पैकी’, ‘नक्कल’, ‘रुजू’ असे शेरे असतात.

प्रश्न (अंधेरी) : पणजीच्या माहेरचा शोध घ्यायचा आहे. लग्नात नावही बदलले. सगळीकडे पुरुषांचीच नावे दिसतात.

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि बहुतेक छापील वंशावळींनी हा अन्याय तसाच पुढे नेला आहे. तरी वाटा आहेत. पणजीच्या भावांच्या गावचे फेरफार पाहा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडील वारल्यावर मुलींची नावे वारस नोंदीत येऊ लागली, सासरच्या नावासह. त्यामागोमाग हक्कसोडपत्र झालेले असते आणि त्यात बहीण, भाऊ, वडील अशी तीन नाती एकाच कागदावर मिळतात. १९५६च्या आधी मुलगी क्वचित दिसते, पण विधवा दिसते. १९३७च्या कायद्यापासून विधवेचा हिस्सा मान्य झाला म्हणून त्यानंतरच्या फेरफारात ‘मयताची बायको’ अशी नोंद शोधा.

कागद नसेल तर श्राद्धाची वही किंवा पुरोहितांची टिपणे. श्राद्धात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह अशी आईकडची तीन नावे घेतली जातात. तुमच्या आजोबांनी ज्यांना मातामह म्हणून पाणी दिले ते पणजीचे वडील. घरातल्या वडीलधाऱ्यांना नावे पाठ असतील तर आजच लिहून घ्या.

आणखी एक, तुम्ही अंधेरीच्या आहात म्हणून : पणजीचे माहेर साष्टीतलेच, म्हणजे आजच्या उपनगरांच्या भागातले असेल तर १९२०च्या आधीचे कागद मुंबईत शोधू नका. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

प्रश्न (वरळी, बी.डी.डी. चाळ) : आमच्याकडे जमीन नव्हती, कुलवृत्तांत तर नाहीच. आमच्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर : शाळेपासून सुरुवात करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थान, आधीची शाळा, दाखल व सोडल्याची तारीख असते. आधीची शाळा हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो तुम्हाला मुंबईतून गावच्या शाळेत नेतो. गावच्या शाळेच्या रजिस्टरात त्याहून मागची पिढी सापडू शकते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती अंदाजे लिहिलेली समजा. जातीच्या रकान्यातला तेव्हाचा शब्द दुखावणारा असला तरी जसाच्या तसा उतरवून घ्या. पुढे पडताळणीत तोच जुळतो.

चाळीच्या भाडेपावत्या जपा. बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकातल्या. खोली कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर झाली हे हस्तांतरणाच्या अर्जात नात्यासह लिहिलेले असते, त्याची नक्कल मागा.

गावी महार वतन असेल तर तुमचे पूर्वज दप्तरात आहेत, आणि चांगले तपशीलवार आहेत. १८७४च्या वतन कायद्याखालच्या नोंदींत आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द होऊन जमिनी पुन्हा दिल्या गेल्या त्या फेरफारांत वतनदारांची नावे वाट्यासह आहेत. ‘जमीन नव्हती’ असे घरात सांगितले जाते तेव्हाही हे फेरफार एकदा पाहाच.

कुणी सैन्यात असेल तर महार रेजिमेंटचे (उभारणी १९४१) केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे; सेवा क्रमांक आणि नाते सिद्ध करणारा कागद लागेल. पहिल्या महायुद्धात कुणी बोटीवर किंवा पलटणीत गेला आणि परतला नाही, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची सूची नावाने शोधता येते, विनामूल्य. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. कोकणातल्या घराण्यांनी ती सूची अवश्य पाहावी. काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही आहे.

प्रश्न (शिवाजी पार्क) : आजोबांनी विकलेल्या जागेचा शोध ‘सूची २’मध्ये लागेल का? दत्तकाचाही कागद हवा आहे.

उत्तर : जागेचा लागेल. नोंदणी कायद्याप्रमाणे सूची १ व्यक्तींच्या नावांची, सूची २ मिळकतींची, सूची ३ मृत्युपत्रे व दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांची, सूची ४ इतर दस्तांची. पहिल्या दोन कुणालाही पाहता येतात. मुंबईचे १९८५पासूनचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्याआधीसाठी दुय्यम निबंधकाकडे शोध घ्यावा लागतो. तुम्हाला मिळकत माहीत नाही, नाव माहीत आहे, म्हणून सूची १पासून सुरू करा.

दत्तकपत्र बहुधा नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक ४मध्ये असते. पुस्तक ३ आणि ४ सर्वांना खुले नाहीत, शोध अधिकारीच घेतात आणि पुस्तक ४मधली नक्कल दस्तातल्या पक्षांना किंवा त्यांच्या वारसांनाच मिळते. वारस असल्याचा पुरावा बरोबर न्या. पागडीची खोली असेल तर ती सूची २मध्ये दिसणार नाही, तिथे भाडेपावतीच पाहावी लागते.

प्रश्न (कांदिवली) : १८८१ किंवा १९३१च्या जनगणनेत घरोघरची नावे मिळतील ना?

उत्तर : नाही. छापील तक्त्यांत आकडे आहेत, नावे नाहीत. आणि १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५प्रमाणे वैयक्तिक नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत.

प्रश्न (वांद्रे) : आम्ही ईस्ट इंडियन. आमच्या चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरात १८९०च्या आधीचे काही सापडत नाही.

उत्तर : शेजारच्या चर्चचे रजिस्टर पाहा. मुंबईत १९२८पर्यंत पद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची चर्चे) आणि प्रोपगंडा (थेट रोमच्या हाताखालची) असे दोन अधिकार एकाच वेळी चालत होते. एकाच वस्तीतली दोन कुटुंबे दोन वेगळ्या चर्चांत जात आणि पक्ष बदलला की नोंदही बदलत असे. तुमचे चर्च एखाद्या जुन्या पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या हद्दीतून वेगळे झाले असेल तर आधीच्या नोंदी मूळ पॅरिशमध्ये राहतात. रजिस्टर लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असेल, सूची बाप्तिस्म्याच्या नावावर असेल. एकसारखी नावे पुष्कळ येतात, म्हणून धर्मपिता-धर्ममाता आणि गावठाणाचे नाव हमखास उतरवा. त्यावरूनच दोन सारख्या नावांची घराणी वेगळी करता येतात.

प्रश्न (बोरिवली) : तीर्थक्षेत्रातल्या वह्या आता ऑनलाइन आहेत म्हणे. त्र्यंबकेश्वरला जाण्याची गरज उरली का?

उत्तर : उरली आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून पाहता येणाऱ्या वह्या मुख्यतः हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा अशा उत्तरेकडच्या क्षेत्रांच्या आहेत. वही पानागणिक चाळावी लागते. पूर्वज हरिद्वारला गेले असतील तर प्रयत्न करा.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठणच्या वह्या उपाध्यायांच्या घरी आहेत. तिथे जाण्याआधी मूळ गाव, आडनाव बदलले असल्यास जुने आडनाव, आणि ज्ञात असलेल्या सर्वात जुन्या दोन पिढ्या लिहून न्या. वह्या गावावर आणि आडनावावर वाटलेल्या असतात. मुंबईचा पत्ता सांगून काही निघत नाही. नोंद दाखवली की यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिली आहे की उपाध्यायांनी नंतर उतरवून घेतली ते पाहा. पहिली जास्त भरवशाची. सोबत आलेल्या भावांची, चुलत्यांची नावेही घ्या, कारण हरवलेल्या शाखा त्यांतूनच जुळतात. दक्षिणेकडे, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर भागात मूळ असेल तर गावात हेळवी येतात का ते विचारा. ते पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांभाळतात आणि ठरावीक हंगामात गावी फिरतात, तेव्हा गावच्या कुणाला तरी सांगून ठेवा.